पाठीशी ऊन असताना

या, बसा. खिडकीकडे पाठ करून बसलात तरी चालेल, मीही तसाच बसतो. भर दुपारी पडदे ओढून, टेबलावरचा दिवा लावून बसणारा म्हातारा म्हणजे डोकं फिरलेला, असं इथल्या नर्सबाईंना वाटतं. त्यांचं चुकतंय असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आत आल्या आल्या तुम्ही म्हणालात, पारा चाळिशीच्या वर गेलाय, पण नशीब, खाली गाडीला सावलीत जागा मिळाली. हं. चहा घ्या आधी.

तुम्ही उपग्रहाच्या आकड्यांवरच्या माझ्या दुरुस्तीबद्दल विचारायला आलात. आकडे पुन्हा पुन्हा तपासूनही काहीतरी उरतंच, ते काय, असं तुम्ही पत्रात लिहिलं होतं. मी सांगतो. पण मला ते सुरुवातीपासून सांगू द्या. तुम्हाला ठाऊक असलेलंच सांगेन, पण तसं केलं की माझं मन जरा थाऱ्यावर राहतं.

उपग्रह वरून जमिनीची उष्णता मोजतो. थेट डोक्यावरून पाहिलं की झाडांच्या मधली तापलेली उघडी माती दिसते, जमीन गरम भासते. बाजूने, तिरपं पाहिलं की झाडांची पानं आणि त्यांच्या सावल्या दिसतात. तीच जमीन, तीच वेळ, पण थंड भासते. मग खरं काय मानायचं? मी म्हटलं, सगळ्या तिरप्या नजरा सरळ करून घ्याव्यात. कुठूनही पाहिलेलं असो, ते थेट वरून पाहिलं असतं तर किती भरलं असतं, ते काढायचं सूत्र मी बसवलं. आज ते जगभर वापरतात. वरून दिसतं तेच खरं, हे वाक्य मी चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगितलं.

आणि एक गोष्ट. सूर्य तुमच्या अगदी पाठीशी असेल तर तुम्हाला सावल्या दिसतच नाहीत. प्रत्येक वस्तूची सावली त्या वस्तूच्याच मागे लपते. त्या एका कोनातून जमीन सगळ्यात तापलेली दिसते. त्यात कधी फरक पडत नाही. पडू नये.

सूत्र पारखण्यासाठी माझा एक मनोरा होता. ॲडलेडपासून फार दूर, यंटा गावाच्याही बरंच आत, विल्गा डाउन्स नावाच्या मेंढ्यांच्या रानात. तांबडी माती, गुडघाभर खारट झुडपं, विरळ ब्लॅक ओकची झाडं आणि मधोमध तारांनी ताणून धरलेला लोखंडी सांगाडा. त्याच्या टोकाला एक आडवा हात आणि हाताला उष्णता पाहणारा डोळा. तो डोळा दिवसभर कोन बदलत राहायचा. किर्रर्र... टक्. मग शांतता. मग पुन्हा किर्रर्र... टक्. दूरवर ऐकू यायचं ते. त्या मोकळ्या रानात दुसरा आवाज कसला, तर माश्या आणि कावळे.

एका वर्षी फेब्रुवारीत, तिकडच्या भर उन्हाळ्यात, मी डोळा तपासायला गेलो. नेहमीचंच काम. रानाच्या मालकिणीकडे, डल्सी हार्टविगकडे, मी दर उन्हाळ्यात उतरायचो. पडवीतलं जाळीचं दार ढकलून आत शिरतो न शिरतो तोच स्वयंपाकघरातून आवाज आला.

"दार लाव, पेंगेली! माश्यांना काय पत्रिका पाठवायची?"

"लावतोय, लावतोय."

"एवढा शिकलास, प्रोफेसर झालास, पण दार लावायला कुणी शिकवलं नाही. अगदी क्लेमसारखा..."

आणि ती थांबली. सांडशीत धरलेली किटली तशीच हातात राहिली.

क्लेम तिचा नवरा. आदल्या उन्हाळ्यात मनोऱ्याची एक तार सैल झाली म्हणून ती आवळायला गेला, तो परतलाच नाही. त्याची गाडी कुंपणाच्या फाटकाशी उभी सापडली. इंजिन ठीक. डबा तसाच. गाडीच्या तोंडाशी टांगलेली कॅनव्हासची पाण्याची पिशवी गळ्यापर्यंत भरलेली. दार उघडं. क्लेम नव्हता. विमान फिरलं, घोडे फिरले, गावातला प्रत्येक पुरुष त्या रानात चालला. काही मिळालं नाही.

तिथल्या मुलांना चालायच्या आधी एक गोष्ट शिकवतात. काहीही होवो, गाडी सोडायची नाही. गाडी वरून दिसते, माणूस दिसत नाही. क्लेमने हे अर्ध्या जिल्ह्याला शिकवलं होतं. मलाही त्यानेच शिकवलं, तेही शिव्या घालून. त्याच क्लेमने गाडी का सोडली?

जेवण झालं. तिने मटणाच्या चॉप्स केल्या होत्या, पण स्वतःच्या पानातलं नुसतं चिवडत बसली.

"यंट्याला पंपावर गेले ना मी," ती म्हणाली, "की आतलं बोलणं बंद होतं. सगळे एकदम चिप्सची पाकिटं वाचायला लागतात."

"लोक काय, ग..."

"दुष्काळात माणसं निघून जातात, म्हणतात. आपल्या पायांनी. शब्द मात्र वापरत नाहीत कुणी. सार्जंटसुद्धा टोपी फिरवत बसला माझ्यासमोर." तिने ताट सरकवलं. "त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं होतं. मी म्हणाले, विकून टाकू हे रान, माझ्या बहिणीकडे समुद्राकाठी जाऊ. तो म्हणाला, मेंढ्यांना सोडून मी कुठे जात नाही. मी म्हणाले, मग जा ना. जा तुझ्या मेंढ्यांकडे. आणि जाताना दार लावून घे."

मी हातातला काटा खाली ठेवला.

"नाही लावलं त्याने. कधीच लावायचा नाही. मी उठले आणि धाडकन लावलं. त्याच्या पाठीवर." ती माझ्याकडे पाहत राहिली. "तो मिळेल असं मी म्हणत नाही रे आता. तेवढी आशा नाही मला. तो माझ्यामुळे गेला की नाही, एवढंच कळायला हवंय. तुझा तो डोळा तर दिवसभर उघडा असतो. त्या दिवशी त्याने काय पाहिलं?"

मी नाही म्हणू शकलो असतो. माणूस दिसावा असा तो डोळाच नव्हता, हे खरंही होतं. पण मला खोटं नीट जमत नाही, आणि खरंही नीट जमत नाही. मी चाचरत सांगितलं.

"त्या दुपारी एक विचित्र नोंद आहे. मनोऱ्यापासून दगड टाकला तर पोचेल एवढ्यावर, पूर्वेला. एक तुकडा थंड दिसतो. मी ती नोंद टाकून दिली होती. नंतर पुन्हा दिसली, फार तापलेल्या दिवशी. मी डोळा बदलला, तारा बदलल्या... तरी आहेच."

"म्हणजे तिथे सावली होती."

"तिथे झाड नाही, डल्सी. आणि असतं तरी त्या कोनातून सावली दिसूच शकत नाही. ऊन पाठीशी असताना..."

"होती की नव्हती?"

"त्या एका कोनातून आहे. वरून पाहिलं की नाही. एवढंच मला म्हणता येईल."

ती हसायला लागली. आधी हळू, मग पदराने तोंड पुसावं तशी एप्रनने तोंड पुसत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"सावलीसाठी गेला. माझा मूर्ख नवरा! आठवतं तुला? पाच मिनिटांचं काम असलं तरी गाडी सावलीत लावायला मिळावी म्हणून गावाला दोन फेऱ्या मारायचा. लायब्ररीसमोरच्या झाडाखालच्या जागेवरून पाद्र्याशी भांडला होता!"

"आठवतं."

"सावली बघितली आणि गेला. म्हणजे माझ्यामुळे नाही गेला तो." मग ती शांतपणे म्हणाली, "मला दाखव."

मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो, बहुतेक. तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो का, ते मात्र आता सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी हवा तव्यासारखी तापली. दुपार कलायला लागल्यावर आम्ही निघालो. तिने थर्मासमध्ये चहा घेतला, खारवलेल्या मांसाची सँडविचं घेतली, जणू सहलीला. क्लेमची गाडी जिथे सापडली होती तिथेच, फाटकाशी, तिने गाडी थांबवली. सूर्य आमच्या पाठीशी होता. समोर तांबडी जमीन, सावल्या नसलेली, चित्रासारखी सपाट. प्रत्येक झुडपाने आपली सावली पाठीमागे लपवलेली. मध्ये मनोरा. किर्रर्र... टक्.

आम्ही काचा खाली करून बसून राहिलो. तापलेल्या पत्र्याचा वास येत होता. माश्या डोळ्यांच्या कडांना चिकटत होत्या.

मग माश्या गेल्या. आधी ते लक्षात आलं. आणि एक वास आला. ओल्या कॅनव्हासचा. पाण्याची पिशवी उन्हात टांगली की तिच्या अंगातून पाणी पाझरतं, त्याचा तो गार, कुबट वास. आमच्या गाडीला तसली पिशवी नव्हती.

"पेंगेली..."

"हो. येतोय मलाही."

"वास नाही रे. तिकडे बघ."

मनोऱ्याच्या पलीकडे, उघड्या जमिनीवर, सावली पडली होती. एखाद्या मोठ्या, डेरेदार झाडाची असावी तशी. कडा मऊ, आत पानापानांतून झिरपलेले उजेडाचे ठिपके, आणि ते ठिपके हलत होते. वारा नव्हता. झाड नव्हतं.

माझ्याजवळ उष्णता मोजायचं हातातलं यंत्र होतं. मी ते रोखलं. आजूबाजूची माती हात भाजेल इतकी तापलेली. सावलीत... सकाळच्या पडवीइतकं. मी यंत्र उलटसुलट करून पुन्हा पाहिलं. यंत्राची चूक होऊ शकते. पण तेवढी नाही.

"किती छान आहे," डल्सी म्हणाली. तिने दार उघडलं.

"गाडी सोडायची नाही, डल्सी."

"सोडतेय कुठे? ही काय, इथेच तर आहे."

ती थर्मास घेऊन चालू लागली. दार तिने उघडंच ठेवलं. मी ओळखत होतो तितक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मी मागोमाग गेलो, पण मनोऱ्याशी थांबलो. लोखंडाला धरून उभं राहिल्यावर जरा धीर आला. ती पुढे गेली, सावलीच्या कडेशी क्षणभर थबकली, थंड पाण्यात पाय टाकावा तसं पाऊल आत टाकलं. मग खाली बसली. पाठ टेकवून बसली. मागे काहीच नव्हतं, पण ती टेकून बसली होती. टोपी काढून तिने बाजूला ठेवली. थर्मासचं झाकण उघडलं. कपात ओतलं. मग थोडं सरकली, शेजारी कुणाला तरी जागा करून द्यावी तशी.

"डल्सी!"

तिने हात केला. "ये ना. गार आहे इथे."

तेव्हा माझे गुडघे शाबूत होते. मी मनोऱ्याची शिडी चढू लागलो. का, ते तुम्हाला कळेल. दुसऱ्या कुणाला कळणार नाही. मला ते वरून पाहायचं होतं. वरून दिसतं तेच खरं.

दहा-बारा पायऱ्या चढलो तशी सावली विरळ झाली. आणखी चढलो. ठिपके मोठे होत होत एकमेकांत मिसळले. टोकाशी पोचलो, डोळ्याच्या शेजारी. तो माझ्या कानापाशी फिरला, किर्रर्र, आणि थेट खाली रोखून थांबला. मीही खाली पाहिलं.

तांबडी माती. ऊन. एक टोपी.

डल्सी नव्हती.

मी किती वेळ पाहिलं ते माहीत नाही. मग चार पायऱ्या उतरलो. तिरपं पाहिलं. ती होती. कप ओठाला लावलेला, मान शेजारच्याकडे वळवलेली, काहीतरी ऐकत हसत होती. मी चढलो. नव्हती. उतरलो. होती. तिच्या गुडघ्यावर एक हात होता. तिचे दोन्ही हात कपाभोवती होते.

मी उतरलो आणि पळत गेलो. सावली समोर दिसत होती, तिचा गारवा तोंडावर येत होता, ओल्या कॅनव्हासचा वास घशात बसत होता. शेवटचं पाऊल टाकलं, आणि पायाखाली भाजणारी माती. टोपी. बाकी काही नाही. पाठीवर ऊन, हातोडीसारखं.

मान वर केली. सावली समोर होती. पूर्वेला, थोडी पुढे. तीत डल्सी पाठ टेकून बसली होती.

"अरे, इथे," ती म्हणाली. "चुकलास वाटतं."

मी गेलो. माती. पुन्हा समोर, जराशी पुढे. पुन्हा गेलो. गाडी सोडू नये हे क्लेमला माहीत होतं. पण त्याने गाडी अशी सोडलीच नव्हती हो. सावली इथे तर आहे, दहा पावलांवर, असं म्हणत तो गेला. प्रत्येक वेळी दहाच पावलं.

मी थांबलो तो शहाणपणामुळे नाही. पाठीमागून, फार दुरून, आवाज आला. किर्रर्र... टक्. इतक्या दुरून, की मी किती चालून आलोय ते एकदम कळलं. मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी पाठ फिरवली आणि त्या आवाजाच्या रोखाने चालू लागलो. आवाज थांबला की थांबायचं, आला की चालायचं. मागून डल्सी बोलावत होती. आधी हसत, मग रुसून. मग एक पुरुषी आवाज म्हणाला, "जाऊ दे त्याला. दार लावून जा म्हणावं."

ती दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. मनोऱ्यापासून इतकी दूर, की तिच्या वयाच्या बाईला चालणं शक्य नाही, असं सार्जंट म्हणाला. उघड्या मैदानात बसलेली होती. पाठ ताठ, डोकं किंचित मागे टेकलेलं, मागे काहीच नाही. उष्माघात, असं डॉक्टरांनी लिहिलं. पण सार्जंट मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "प्रोफेसर, तिच्या अंगावर उन्हाचा एक चट्टा नाही. गालसुद्धा लाल नाहीत. हे कसं काय?" सांगितलं असतं तर त्याने पुन्हा टोपी फिरवली असती.

मी मनोरा काढून टाकला. वाटलं होतं, पाहणारा डोळा नसला की दिसायचं थांबेल. पण वरून उपग्रह जातातच, आणि त्यातले बरेचसे तिरपे पाहतात. आता तुम्ही म्हणता, तेच उरतंय. विल्गा डाउन्सला नाही फक्त, इतर ठिकाणीही. शहरांत. मला तुम्हाला निराश करायचं नाही, पण सूत्रात चूक नाही. मी आयुष्यभर चूक शोधली, मिळाली असती तर फार बरं वाटलं असतं. सूत्र त्याचं काम करतं. सगळं सरळ वरून दाखवतं. जे उभं आहे ते वरून दिसत नाही, एवढंच. आपण ते पुसतो आणि नकाशा स्वच्छ करतो. जे उभं आहे त्याला त्याने काही फरक पडत नाही.

म्हणून मी सावलीच नसेल अशी जागा शोधत ॲडलेडला आलो. या वृद्धाश्रमाच्या आवारात सगळं डांबर आहे. पहिल्याच दिवशी काठी टेकत फिरून बघून घेतलं होतं मी. गाड्यांवर छप्पर नाही, कुंपणाला भिंत नाही, एकही झाड नाही. कुठली सावली दिसली तर ती कसली, हे मला लगेच कळावं, म्हणून.

या महिन्यापासून मात्र येणारे-जाणारे सगळे कोपऱ्यातल्या एकाच जागेवर गाडी लावायला बघतात. परवा दोघे भांडले तिच्यावरून. नर्सबाई मला म्हणाल्या, आजोबा, तुम्हीही खाली येऊन बसा ना, किती गार आहे तिथे. त्यांच्या कपड्यांना कसला वास येत होता ते मी तुम्हाला सांगत नाही. गच्चीवर जाऊन एकदा वरून पाहिलं की झालं, हे मला कळतं. दोनच मजले आहेत. रोज ठरवतो. जिन्यापर्यंत जातो.

थांबा, उठू नका. ऊन उतरेपर्यंत बसा, एवढं ऐका माझं. खाली गेल्याशिवाय अडलेलं नाही. फक्त माझं एक काम करा, मला काही तिकडे बघवत नाही. तो पडदा जरासा सरकवा. तुमची गाडी दिसेल कोपऱ्यात.

तिचं दार... तुम्ही लावलं होतं ना?